वकील आणि वकिलीणबाई

दिवाळीच्या आधी भावाच्या घराला रंग द्यायचं निघालं आणि माळ्यावरचं सगळं सामान अंगणात आलं. पितळी समई, पाय मोडलेला पाट, उंदरांनी कुरतडलेली सतरंजी, आणि त्या सगळ्यात आत्याची फणेरपेटी. वहिनीनं फडक्यानं पुसून ती माझ्यापुढे धरली.

"ताई, ही तुमच्या आत्यांची. तुमी नेताय का? आता कोन वापरतंय हे."

कोणी वापरत नाही हे खरंच. नव्या पोरींना फणेरपेटी म्हणजे काय ते सांगावं लागतं. वीतभर लाकडी पेटी, झाकण उघडलं की आतल्या बाजूला आरसा, खाली लहान लहान खण. एकात फणी, एकात कुंकू, एकात मेण. आधी कपाळाला मेणाचं बोट लावायचं, मग त्यावर कुंकू, म्हणजे घाम आला तरी ते ओघळत नाही. मी झाकण उघडलं. मेण वाळून दगड झालं होतं, पण वास तसाच होता. खोबरेल, मेण आणि जुनं लाकूड. माझे डोळे भरून आले आणि मला माझाच राग आला, कारण समोर रंगारी चहा पीत बसले होते.

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडी मात्र अजून नगरच येतं. आमचं गाव पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठी. काठी आपलं म्हणायचं, कारण मी सांगतेय ते बहात्तरच्या दुष्काळातलं, आणि तेव्हा नदीत नुसती वाळू होती. वाळूत झिरा उकरायचा, पाणी पाझरायची वाट बघत बसायचं आणि वाटीवाटीनं घागर भरायची. दिवसभर गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. घरोघरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा वास, जो मला आजही सोसत नाही. आणि अशा त्या वर्षी आमच्या गावात सिनेमा होता.

टुरिंग टॉकीजवाल्यानं नदीकाठच्या माळावर कनाती लावल्या होत्या. वर छत नव्हतं. पाऊसच नाही तर छत कुणासाठी, असं तो म्हणे, आणि त्याचं कोणी वाईट वाटून घेत नसे. मधोमध पांढरा पडदा. पडद्याच्या एका अंगाला मशीन आणि पुरुष, दुसऱ्या अंगाला आम्ही बायाबापड्या. पण आमच्या अंगानं चित्र दिसायचं तर पडदा ओला हवा. कोरड्या कापडातून नुसती धुरकट माणसं हलायची. म्हणून मालकानं नियम केला होता की बाईनं येताना तांब्याभर पाणी आणायचं. दाराशी पिंप होतं, त्यात ते ओतायचं आणि आत जायचं. खेळ रंगात आला की पडदा वाळायला लागे, हिरोईनचा चेहरा पुसट होई, आणि बाया ओरडत, "पानी मारा, पानी मारा!" पलीकडून पुरुष ओरडत, "हितं प्यायला न्हाई आन् ह्यांना पडद्याला पायजे!" मग मालकाची माणसं पिचकारीनं पडदा भिजवत. ओल्या कापडाचा तो वास, मागे धडधडणारं इंजिन, डिझेलचा धूर. पावसाचा वास आम्ही विसरलो होतो त्या वर्षी. ओला वास म्हटलं की पडद्याचाच.

आमच्या बाजूनं सगळं उलटं दिसायचं. माणसं डाव्या हातानं जेवत. बायांचे पदर उजव्या खांद्यावर. सुरुवातीची नावं तर अशी उलटी की ज्यांना वाचता येत होतं त्यांनाही लागत नसत. त्यामुळे कोण नट, कोण नटी, हे आमच्या बाजूला कुणालाच कधी कळलं नाही. आम्ही आमचीच नावं ठेवली होती.

'वकील' आणि 'वकिलीणबाई' ही आत्यानं ठेवलेली नावं. त्या दोघांना तिनं पहिल्यांदा ज्या सिनेमात पाहिलं त्यात तो काळ्या कोटातला वकील होता, हिरोचा मोठा भाऊ की मेहुणा, आणि ती त्याची बायको. तो जरा ढेरपोट्या, डोक्याला टक्कल, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. ती ठसठशीत, भलं मोठं कुंकू लावणारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नंतरच्या सिनेमात तो पोस्टमन झाला, मग टांगेवाला, मग कुणाचा तरी मुनीम. पण आमच्यासाठी वकील तो वकीलच. "ह्या खेपंला वकील टांगा हाकतोय गं," अशी बातमी पिंपापाशीच मिळे. आणि काहीही होवो, त्याची बायको तीच.

त्या काळच्या हिंदी सिनेमात अशा ठरलेल्या जोड्या असतच. खाष्ट सासू आणि तिच्या पुढ्यात गप्प बसणारा सासरा, जाडी मोलकरीण आणि काडीपैलवान नोकर. हिरोचं काय सांगावं! दर सिनेमाला नवी, आणि प्रत्येकीला तेच, तुझ्याशिवाय जगणार नाही. आत्याला हिरोचा मनापासून तिटकारा होता. "मेला फिरस्ता," म्हणायची. तिचा जीव या दोघांत. ती दोघं भांडत, तो चष्मा हरवून बसे, ती तो शोधून त्याच्या नाकावर ठेवी, आणि शेवटी हिरो-हिरोईनच्या लग्नात सगळे ओळीनं उभे राहत तेव्हा ही दोघं मागे, एका कडेला. पूजेला बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते, तशी ती त्याच्या उजवीकडे. "बग, कशी रीतीनं उभी ऱ्हाती," आत्या मला कोपर मारून सांगे. पुरुषांच्या बाजूनं ती डावीकडे दिसत असणार, हे आमच्या गावीही नव्हतं.

आत्या एकच मोठी चूक करायची, आणि तिच्यापायी आमच्या बाजूच्या निम्म्या बायाही करायच्या. हे वेगवेगळे सिनेमे आहेत असं तिला कधी वाटलंच नाही. तिच्या लेखी तो एकच संसार होता आणि टॉकीजवाला तो तुकड्या-तुकड्यांनी आणून दाखवत होता. मागच्या वेळी त्यांचं घर जळालं होतं, या वेळी माडी दिसली, की ती समाधानानं म्हणे, "बांदलं बाई पुन्ना." कधी जुना सिनेमा आला आणि वकिलाच्या डोक्यावर केस दिसले तर म्हणे, "हे आदीचं असनार." मी सातवीत होते, मला फरक कळायचा. पण तिला समजावण्याच्या भानगडीत कोण पडणार? तिला तेवढंच तर होतं.

आत्या म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. लग्न श्रीगोंद्याकडे झालं. दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा कामाला जातो म्हणून घरातून निघाला तो परत आला नाही. का गेला, कुठं गेला, ते कोणी बोलत नसे. सासरच्यांनी तिला माहेरी आणून घातली आणि ती आमच्याच घरात राहिली. रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी ती दाराशी उजेडात बसून फणेरपेटी उघडायची. मेणाचं बोट, मग कुंकू. अगदी वकिलीणबाईसारखं, भलं मोठं. खडीवर जाणाऱ्या बाया हसायच्या. "दगडाला दाखवायचं का एवढं?" आत्या म्हणायची, "दगडाला काय, देवाला दिसलं म्हंजी झालं." त्यातला देव कोणता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिचे दीर आले. गरीब स्वभावाचा माणूस, टोपी हातात धरून ओट्यावर बसला. नवरा जाऊन एक तप उलटून गेलं होतं. आमच्याकडे अशी रीत आहे की बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर तो गेला असं धरतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि दिवस घालतात. बायकोनं मग कुंकू पुसायचं.

"वैनी," दीर म्हणाले, "पोरीचं लगीन ठरंना झालंय. गुरव म्हनतो, घरातला मानूस ना जित्यात ना मेल्यात, त्याचा दोश हाय. दादाला पानी मिळू द्या. तुमी हो म्हना."

आत्या दाराआड उभी होती. आई म्हणाली, "वन्सं, तुमच्या मनाला इचारा, आमी सक्ती करनार न्हाई." एवढी समजुतीची माणसं, पण आत्या अशी पेटली की ओट्यापर्यंत आवाज आला.

"त्या वकिलीनबाईच्या कपाळाचं पुसलं जाईल ना, त्या दिशी माजं पुसा! तवर न्हाई!"

दिरांना काही समजेना. कोण वकिलीणबाई? आईनं तोंडाला पदर लावला, मला तर हसूच फुटलं. आत्याही मग हसली. तिला खात्री होती ना. हिरो मरायचा कधी कधी, हिरोईन क्षयानं खोकून खोकून जायची, पण वकील-वकिलीण शेवटी मागे उभे असायचेच. नाना मात्र हसले नाहीत. "बोलून बसलीस गं," एवढंच म्हणाले. दीर गेले आणि ती गोष्ट आमच्या घरात शब्द दिल्यासारखी राहिली.

मशीन चालवायला रज्जाकभाई होते. भला माणूस, पोरांना हाकलायचे नाहीत. त्या वर्षी डिझेलची मारामार होती, कॅनमध्ये असेल तेवढ्यातच खेळ बसवावा लागे. मग दुपारी ते कात्री घेऊन बसायचे, सिनेमा कापायचे आणि उरलेलं जोडायचे. कापलेले तुकडे आम्ही पोरं वेचायचो आणि उन्हात धरून बघायचो. माझ्या डबीत असे कितीतरी तुकडे होते. टांगेवाला, मोलकरीण, म्हातारी आई, कधी वकीलही. हिरो एकाही तुकड्यात नव्हता. भावानं विचारलं होतं त्यांना, तर ते म्हणाले, "बेटा, हिरोला कापलं तर पब्लिक मला कापंल. साइडवाल्यांचं कोन इचारतंय?"

तो सिनेमा चैत्रात आला. आत्या झिऱ्यावर दुपारपासून बसून तांब्या भरून घेऊन आली होती, काठोकाठ. त्या खेपेला वकील रेल्वेत गार्ड होता. निघताना तो चष्मा विसरला, वकिलीणबाई फलाटावर धावत गेली आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून तिनं तो त्याच्या हातात दिला. बाया हसल्या. मग वादळ, मग पूल, मग गाडी. मग एक माणूस घरी तार घेऊन आला.

वकिलीणबाईनं तार हातात घेतली नाही. पडदा तेव्हा वाळत आला होता, चेहरे पुसट झाले होते, पण पाणी मारा असं कोणी ओरडलं नाही. शेजारच्या बायांनी तिचा हात धरून दारच्या चौकटीवर आपटला. बांगड्यांचा आवाज कर्ण्यातून आला. मग एका म्हातारीचा अंगठा तिच्या कपाळावरून फिरला. आमच्या बाजूला एक बाई म्हणाली, "अगं बाई गं," आणि मग सगळ्या आत्याकडे बघायला लागल्या. ती गोष्ट गावभर झाली होती ना. आत्या पडद्याकडेच बघत होती.

पुढे हिरो-हिरोईनचं खूप काही झालं, मला आठवत नाही. शेवटी लग्न लागलं, सनई वाजली, सगळे ओळीनं उभे राहिले. आत्या उठून उभी राहिली आणि टाचा उंचावून ओळीच्या मागे शोधायला लागली. एकदम चित्र तुटलं, पडदा पांढरा झाला, इंजिन बंद पडलं.

बाया निघाल्या. आत्या पडद्याला वळसा घालून सरळ पुरुषांच्या बाजूला गेली. तिथं कधी कोणी बाई जात नसे. मी मागोमाग. रज्जाकभाई रिळं डब्यात भरत होते.

"संपला का, भाऊ?" तिनं विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. त्यांना काय माहीत असणार? "संपला बाई," ते म्हणाले, "घरी जावा."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं फणेरपेटी उघडली नाही. चूल पेटवली, भाकरी थापल्या, खडीवर गेली. आईनं विनवलं, "वन्सं, सिनेमा तो. खोटं असतंय सगळं." आत्या म्हणाली, "मी बोलले हुते वैनी. आन् खरं सांगू? मला बी दिसत हुतं. मीच डोळं झाकून बसले हुते." नानांनी दिरांना निरोप पाठवला.

विधी आमच्याच नदीत झाला. पळसाची पानं, दर्भ, पिठाचा गोळा. तो माणूस कसा दिसायचा हे मला ठाऊक नव्हतं आणि त्या पुतळ्यानं काही कळलं नाही. ओली पानं जळत नव्हती, त्यांचा कडवट धूर वाळूवरून सरकत होता. आंघोळीला पाणी नव्हतं, म्हणून नानांनी आदल्या दिवशी झिरा उकरून ठेवला होता. आत्या त्याच्या काठाशी बसली आणि आईनं तांब्यातांब्यानं तिच्या डोक्यावर पाणी घातलं. तोच तांब्या. आत्या रडली नाही. दीर रडले, लहान पोरासारखे. मी तिच्या कपाळाकडे बघत होते. तिथं इतकी वर्षं मेण लागून कातडी उजळ राहिली होती, आणि कुंकू पुसल्यावरही तो गोल दिसत होता. किती तरी महिने दिसत राहिला.

पुढच्या साली पाऊस झाला, नदी वाहिली, टॉकीज पुन्हा आली, या खेपेला छतासकट. एका संध्याकाळी शेजारच्या बाया धावत आमच्या घरी आल्या. "अगं चल, चल! वकील हाय! जित्ता हाय! हासतोय!" मी आत्याचा हात धरून ओढला. ती तांदूळ निवडत होती.

"ते आदीचं असंल," ती म्हणाली, आणि सुपातला खडा काढून बाहेर टाकला.

त्यानंतर तिनं आयुष्यात सिनेमा पाहिला नाही. भावानं घरात टीव्ही आणला तेव्हा ती उठून ओट्यावर जाऊन बसायची. काही वर्षांपूर्वी गेली. नवरा आला नाही, त्याचं काही कळलंही नाही. तो यायला हवा होता असंही मला आता वाटत नाही. मला वाईट वाटतं ते पहाटेच्या त्या दाराशी बसण्याचं. तेवढं एक तिच्याकडे राहायला हवं होतं. कुणाचं काय गेलं असतं?

परवा पेटी मांडीवर घेऊन बसले होते, तर भावाची नात सई शेजारी येऊन बसली. "आत्याआजी, का रडतेस?" मी तिला हे सगळं सांगितलं. तिला वकिलीणबाई बघायची होती. सिनेमाचं नाव मला कुठून माहीत असणार, पण भाऊ पुरुषांच्या बाजूला बसायचा, त्याला सरळ वाचता आलं होतं. त्यानं आतूनच ओरडून नाव सांगितलं. पोरीनं मोबाईलवर दोन बोटं फिरवली आणि सिनेमा समोर. इतकी वर्षं मी तो पुन्हा पाहिला नव्हता. हिंमत झाली नव्हती म्हणा.

मी म्हटलं, शेवटच लाव. लग्न, सनई, ओळ. इथं आमचा पडदा पांढरा झाला होता. इथं चित्र चालूच राहिलं. कॅमेरा हिरो-हिरोईनला सोडून दारापाशी गेला. पांढऱ्या लुगड्यातली वकिलीणबाई पाहुण्यांपासून लांब, अंगणात एकटी पाटा धूत होती. दारातून कुबडी घेतलेला एक माणूस आत आला. दाढी वाढलेली, चष्मा नाही. तो डोळे बारीक करून अंगणात कुणाला तरी शोधत होता. तिनं मान वर केली. ती उठली, आत गेली, कुठल्याशा पेटीतून जुना चष्मा घेऊन आली आणि त्याच्या नाकावर ठेवला. मग त्यानंच, अंगठ्यानं, तिला कुंकू लावलं. केवढासा तुकडा तो. रज्जाकभाईंच्या कात्रीच्या हिशेबी घोटभर डिझेल.

शेवटी दोघं ओळीत मागे, कडेला जाऊन उभी राहिली. सई टाळ्या वाजवत होती. मला मात्र ती दोघं अनोळखी वाटली. काय चुकतंय ते आधी कळेना. मग कळलं. ती त्याच्या डावीकडे उभी होती.

मी फणेरपेटीचं झाकण पूर्ण उघडलं. आरशावर काळे डाग पडले होते, धूळ होती. शेजारच्या तांब्यातलं पाणी पदराच्या टोकाला लावून तो पुसला, आणि ओल्या आरशासमोर मोबाईल धरला. वकिलीणबाई उजवीकडे आली.

"आत्याआजी, उलटं का बघतेस?" सईनं विचारलं.

"आमच्या बाजूनं असंच दिसायचं," मी म्हटलं.

ती पाणी प्यायला आत पळाली. मी आरशाजवळ वाकले आणि हळूच सांगितलं, "आत्या, संपला नव्हता गं."